कुबडीतली वेल

बाबालाल शिकलगाराचा एक डोळा चाकाच्या ठिणगीनं खाल्ला होता आणि दुसरा काचबिंदू खात होता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पहिला धंद्यात गेला, त्याचं वाईट न्हाई वाटत. ह्यो दुसरा मातूर फुकट चाललाय." आणि वर हसायचा. ऐकणारा नजर चुकवायचा आणि हा गडी हसायचा! अशा माणसाला काय म्हणावं?

साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याला, एका उताराच्या बोळात त्याचं घर. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा आडोसा. सकाळी धारेचं चाक खांद्याला लावून तो निघायचा, "धाऽर लावायची का धार! कोयतं, सुऱ्या, कात्र्याऽऽ!" ऊस तोडायचे कोयते, न्हाव्यांचे वस्तरे, शिंप्यांच्या कात्र्या, असला सगळा कारभार. तलवारी त्याच्या हातात यायच्या त्या फक्त दसऱ्याच्या आधी. घटस्थापना झाली की जुनी घराणी माळ्यावरच्या तलवारी खाली काढायची आणि खंडेनवमीच्या पूजेसाठी बाबालालला सांगावा धाडायची. ते आठनऊ दिवस त्याची मान जरा ताठ असायची. बायको जैतुनबी म्हणायची, "आता दसऱ्यापतोर तुमच्याशी बोलायची चोरी. सरदार झाला तुमी."

सरदार नव्हे, पण घराणं जुनंच. त्यांच्यात सांगायचे, की दिल्लीचा बादशहा सातारचा किल्ला घ्यायला आला तेव्हा त्याच्या छावणीत यांचा मूळ पुरुष होता. बादशाही कारागीर! पोलादावर सोन्याची नकशी ठोकणारा. खंजिरांच्या मुठी, कट्यारींची म्यानं, आणि लपवून बाळगायची हत्यारं. कुणाच्या काठीत पातं, कुणाच्या पंख्याच्या दांड्यात, कुणाच्या कुबडीत. छावणी उठली, बादशहा गेला, आणि हे घराणं मागंच राहिलं. का राहिलं म्हणून विचारलं तर बाबालाल म्हणायचा, "हितलं पानी मानवलं असंल."

पुढं राजे गेले, सरदार गेले, सोनं ठोकून घेणारं कुणी उरलं नाही. हातातली कला अशी पिढीपिढीनं गळत गेली, की बाबालालच्या वाट्याला निम्मीच आली. ठोकायची रीत बापानं शिकवली होती. पोलादावर आधी अणकुचीदार टोकानं उभ्याआडव्या रेघा मारायच्या, मांजरपाटाच्या विणीसारखी बारीक जाळी करायची. मग केसाएवढी तार त्या जाळीवर वळवत ठोकत जायचं. जाळीचे दात तारेला धरून ठेवतात. झाळ नाही, काही नाही. तांब्याच्या तारेवर त्याचा हात चांगला बसला होता.

पण नकशी? वेल कशी वळवायची, पान कुठं फुटतं, फूल कुठं बसतं, हे कोण सांगणार? बापालाच माहीत नव्हतं. बाबालाल आपल्या मनानं वेली ठोकायचा आणि त्या लग्नपत्रिकेवरच्या वेलबुट्टीसारख्या दिसायच्या. जैतुनबी तर तोंडावर सांगायची, "ह्यो भोपळ्याचा येल हाय का वो?" तो चिडायचा, तार उचकटून टाकायचा. चिडायचा कारण तिचं खरं होतं.

मरताना बापानं त्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "बाबा, आपल्या मूळ पुरुसाच्या हातची येक येल शिल्लक हाय. कोरेगावच्या सुभेदाराच्या घरात. मी बारका असताना आज्यानं सांगितलीया. मला न्हाई बघाया मिळाली. तू बघ." एवढंच. जमीन नाही, जुमला नाही, पोराच्या गळ्यात ही एक इच्छा बांधून म्हातारा मोकळा झाला.

आता हे सुभेदार म्हणजे लालासाहेब. पलटणीतून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, आवाज परेडच्या मैदानाचा. घरात बायको चंद्राबाई, मुलगा मानसिंग पलटणीतच, सीमेवर. त्यांच्या कुठल्या तरी पूर्वजानं लढाईत मोगली छावणी लुटली आणि त्या लुटीत एक लोखंडी कुबडी आणली. फकीर बगलेत धरून बसतात तसली, आखूड. वरचा आडवा दांडा पिळून ओढला की आतून वीतभर पातं बाहेर येतं. घराण्याला त्या कुबडीचं यश आलं म्हणून ती देवघरात बसली, देव झाली.

आणि देव झाली म्हणजे नियम आले. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, घरातल्या कर्त्या पुरुषानं देवघराचं दार लावून पातं काढायचं. समईच्या उजेडात तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं. आत सारण्याआधी अंगठ्याला टोचून रक्ताचा एक थेंब पात्याला द्यायचा, कारण बाहेर काढलेलं हत्यार उपाशी आत जात नाही. आणि परक्या माणसानं पातं बघायचं नाही. बघितलं तर घरात मयत होतं म्हणे.

बाबालाल वर्षानुवर्षं त्या घरच्या तलवारी घासत आला. कुबडी देवघराच्या दारातून दिसायची, काळीभोर, झेंडूच्या माळेत. प्रत्येक वर्षी तो म्हणायचा, "आवं सुभेदार, येकदा दावा की. लांबनं बघतो."

"बघून काय करनार? काळं लोखंड हाय ते. आमची म्हातारी म्हनायची सोन्याची येल हाय म्हणून. म्हातारीला काय, तिला चंद्रावर ससा पन दिसायचा."

"काळं तर काळं. बघतो की."

"आनि घरात काय इपरीत झालं म्हंजे? तू येशील व्हय निस्तराया?"

इथं बाबालाल पुन्हा तलवार घासायला घ्यायचा. ज्याचा एकुलता मुलगा सीमेवर आहे, त्याच्याशी असल्या गोष्टीवरून वाद कोण घालणार?

मग ते त्र्याहत्तर साल आलं. खंडेनवमीच्या सकाळी बाबालाल सुभेदारांच्या अंगणात बसून शेवटच्या तलवारीवर हात मारत होता आणि समोर पडलेला दगड हातानं चाचपून शोधत होता. सुभेदार ओट्यावरून बघत होते. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "डाव्या अंगाला हाय रं."

बाबालाल ओशाळला. "व्हय व्हय. घावला."

"किती ऱ्हायलाय डोळा?"

"चार आनं आसंल. डाक्टर म्हनतो, पुढचा दसरा दिसंल. त्याच्या पुढचं त्यो पन सांगत न्हाई." आणि आपलं ते हसू हसला.

सुभेदारांना ते हसू लागलं असावं. माणूस तापट, पण दगड नव्हे. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "औंदाची कुबडीची पूजा पहाटंच झालीया, आता पुन्यांदा काढता येत न्हाई. पुढच्या नवमीला ये. देवघरात न्हाई, भर उन्हात अंगनात काढून दावतो. व्हईल ते व्हईल. लालासायबाचा शब्द हाय."

बाबालाल त्या दिवशी एस.टी.नं साताऱ्याला आला आणि दारातूनच त्यानं जैतुनबीला सगळं सांगितलं. तिनं कानातल्या बाळ्या उतरवल्या, त्याच्यापुढं ठेवल्या. "तांब्यावर न्हाई चालायचं आता. ह्याची तार काढा."

ते एक वर्ष तो कसा जगला म्हणता! दिवसा कोयते, आणि ऊन चांगलं असेल तेवढा वेळ आडोशात आपलं काम. बाळ्यांचं सोनं आटवून, पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढून ओढून केसासारखी तार केली. एक कट्यार घडवली. तिच्या अंगभर जाळी मारून ठेवली आणि ती तशीच ठेवली, कोरी. वेल बघायची, डोक्यात भरून घ्यायची, घरी येऊन उरलेल्या उजेडात ठोकायची. एकच कट्यार. मग डोळा गेला तरी खुशाल जाऊ दे. मूळ पुरुषाची वेल निदान एकदा तरी हातून पुरी व्हावी, एवढंच त्याला पाहिजे होतं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन असं आपण म्हणतो. बाबालाल दोन मागतच नव्हता. एका डोळ्याला एक दुपार मागत होता.

चौऱ्याहत्तरची खंडेनवमी उजाडली. ऊन असं लखलखीत, की बाबालालनं एस.टी.त बसल्या बसल्या अल्लाचे आभार मानले. डोळ्यावर धुकं होतं, पण उन्हात धरलं तर हातावरच्या रेषा दिसत होत्या.

सुभेदारांच्या दारात चंद्राबाईंनी त्याला हळूच बाजूला घेतलं. "जरा जपून बोला वो आज. मानसिंगचं लगीन झालं ना उन्हाळ्यात, सून आलीया, अंजना. शिराळ्याकडची. गुणाची हाय. पर गौरीच्या सणाला तिच्या हातनं देवघरातली समई इझली, तर ह्ये तिला कायमची म्हायेरी धाडाया निघालं. लेकरू पलटनीत, इकडं दिवा इझला, झालं! मी पाया पडले तवा थांबलं. आता देवाच्या कामात आनिक काय चुकलं तर ठेवायचं न्हाईत. तिच्या बापाला तसं सांगून ठेवलंया."

"मी कशाला काय बोलू," बाबालाल म्हणाला. त्याचं लक्ष अंगणात होतं.

अंगणात घोंगडी अंथरली होती. तिच्यावर तलवारी, आणि कडेला तांबड्या कापडाखाली कुबडी. सुभेदारांनी कोट घातला होता, कोटावर पलटणीतली पदकं लावली होती. ओट्याच्या कडेला डोक्यावर पदर घेतलेली, सोळासतरा वर्षांची पोर उभी, हातात आरतीचं ताट. ती अंजना.

"बस," सुभेदार म्हणाले. "हात पूस आनि घे."

त्यांनी कापड काढलं, दांडा पिळला, पातं ओढलं आणि ते बाबालालच्या हातावर ठेवलं. पात्यावरून ऊन असं उसळलं की बाबालालनं डोळा मिटून घेतला. उघडला. पुन्हा मिटला, चोळला, उघडला.

काही नव्हतं. पांढरं लख्ख, बाकी काही नाही. क्षणभर त्याला वाटलं, डोळा गेला. आत्ताच, नेमका आत्ताच गेला! मग त्यानं पातं तिरकं केलं आणि त्यात त्याला स्वतःची दाढी दिसली. म्हणजे डोळा होता. डोळा जागेवर होता, वेलच नव्हती.

"कसं?" सुभेदार खुशीत म्हणाले. "आज दावायचीच म्हनून येक दिस आदीच, काल दुपारी काढली म्या. तर काळीठिक्कर! तेलाचा आनि कुंकवाचा बोटभर राप. म्हनलं, बाबालाल बघनार, हत्यारातला मानूस त्यो. त्याला असलं दावायचं? आमच्या पलटनीत इन्स्पेक्शनला असं हत्यार आनलं असतं तर सायबानं फिती उतरवल्या असत्या. सूनबाईला म्हनलं, बस घासाया. आरसा झाल्याबिगार उठायचं न्हाई."

अंजना पदराआडून हसली. पहिल्यांदाच या घरात तिचं कौतुक होत होतं. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. ती बाबालालला सांगायला लागली, "आधी चिंच आनि राख लावली, मामा. मग इटकरीची पूड. पर खालचा पिवळा राप काय हटंना. मग आत्याबाईनं तुमचीच कुरुंदाची पुडी दिली. गेल्या साली कोयत्यासाठनं ठेवून गेलावता न्हवं, ती. तिनं मातूर झाक निघालं."

बाबालालनं पातं पुन्हा उन्हात फिरवलं. कुरुंद! पोलाद खाणारी भुकटी, तिच्यापुढं केसाएवढ्या सोन्याचं काय चालणार? आणि ती त्याचीच. त्यानंच बांधून दिलेली पुडी. कुबडीला हात लावू नका, एवढं एक वाक्य गेल्या वर्षी सांगितलं असतं तर? पण कसं सुचणार हो? जी वस्तू दार लावल्याशिवाय कुणी काढली नाही, तिला जपा म्हणून सांगायचं म्हणजे माशाला पाण्यात राहा म्हणण्यासारखं. त्या तेलाच्या, कुंकवाच्या रापानंच तर ती वेल इतकी वर्षं सांभाळली होती. आणि तो राप गेला कशापायी, तर बाबालालला बघायला बरं दिसावं म्हणून! सगळा मुलूख त्याच्याच तोंडून ऐकत आला होता, हत्यार म्हणजे आरसा पाहिजे. ऐकलं बिचाऱ्यांनी. त्याला ओरडावंसं वाटलं, छाती बडवून घ्यावीशी वाटली. तो नुसता पात्यावरून नख फिरवत बसला. कुठं कुठं जाळीची खरखर नखाला लागत होती. सोनं मात्र कुठंच नव्हतं.

मग मुठीपाशी, पातं जिथं दांड्यात शिरतं तिथल्या खाचेत, त्याला काहीतरी दिसलं. त्यानं ते उन्हात धरलं, डोळ्याजवळ आणलं. एक पान. करंगळीच्या नखाएवढं. देठाशी रुंद, आणि टोक पुढं गेलेलं नव्हतं, मागं वळलं होतं, जाता जाता कुणी हाक मारल्यावर माणूस मान वळवून बघतो तसं. जन्मभर बाबालाल पानांची टोकं पुढं ठोकत आला होता! म्हणून भोपळ्याची व्हायची. मागं वळवायचं होतं टोक, मागं. अरे देवा, एवढीच गोष्ट होती?

पण एका पानानं वेल होत नाही. देठ कुठून आला होता, पुढचं पान कुठल्या अंगाला फुटलं होतं, फूल होतं की नव्हतं, ते सगळं काल दुपारी अंगणातल्या पाण्याबरोबर वाहून गेलं होतं. तरी हे एक होतं. एक तर एक. ते रोज बघायला मिळालं तर त्यावरून काही उमगेल का, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचारानं त्याला एवढा धीर आला की त्याचा त्यालाच राग आला.

"त्यो तेवढा डाग ऱ्हायला बघा, मामा," अंजना म्हणाली. "खाचंत हाय, न्हाई निघाला."

"कुठला डाग?" सुभेदारांनी खिशातून चष्मा काढला, वाकले. बघता बघता त्यांच्या कपाळावर आठी चढली. "बाबालाल, हे पिवळं हाय."

"व्हय."

"सोनं तर न्हवं?"

चंद्राबाई दारातून पुढं आल्या. अंजनाच्या ताटातल्या निरांजनाची वात लवलवली आणि तिनं घाबरून त्यावर तळहात धरला.

"खरं सांग," सुभेदारांचा आवाज चढला. "म्हातारी म्हनायची ते खरं म्हनायचं का? सोनं आसंल तर हिनं देवाचं सोनं घासून मोरीत घातलं. आदी दिवा इझवला, आता ह्ये! माझा ल्योक तिकडं गोळीच्या तोंडाशी उभा हाय!"

आता बघा! घासायला बसवली कुणी? आरसा झाल्याशिवाय उठू नको म्हणालं कोण? पण घरातल्या कर्त्या पुरुषाची चूक ही कधी त्याची असते काय? ती फिरून फिरून घरातल्या सगळ्यात नव्या बाईच्याच पदरात पडते. अंजना खाली बघत होती. रडतही नव्हती. शिराळ्याची एस.टी. किती वाजता सुटते, हे बहुतेक तिनं मनाशी धरलं होतं.

बाबालालच्या हातात एक शब्द होता. "सोनं हाय" म्हटलं की पान वाचलं. सुभेदार ते जिवापाड जपतील, पुन्हा कुणाला हात लावू देणार नाहीत, आणि डोळा आहे तोवर आपल्याला अधूनमधून येऊन बघता येईल. आणि ही पोर आज संध्याकाळी माहेरी जाईल, ती कायमची.

"जरा पानी द्या," तो म्हणाला. पाणी आलं. तो सावकाश प्यायला. पिताना पान बघत होता. तांब्या खाली ठेवला, पुन्हा बघितलं. आणखी किती बघणार? सुभेदार वाट बघत उभे होते.

"सोनं न्हवं वो," बाबालाल म्हणाला. "हळद हाय. इतक्या वर्साची, बसलीया खाचंत. लोखंडाला हळद धरती तवा अशीच दिसती."

"नक्की?"

"माझा जलम गेला हत्यारात, सुभेदार. सोनं आसतं तर हालंल का?"

त्यानं झोळीतून फडकं काढलं, त्यावर चिमूटभर कुरुंद टाकलं, पाण्याचे दोन थेंब. अंगठा खाचेत घातला आणि घासायला लागला. त्याला वाटलं होतं वेळ लागेल. तीनशे वर्षं धरून बसलेलं सोनं, जरा तरी दम धरेल. कुठलं काय! टोक आधी गेलं, ते मागं वळलेलं टोक. मग देठ. पातं त्यानं पाण्यानं धुतलं, पुसलं आणि सुभेदारांपुढं धरलं. सगळीकडं सारखं, लख्ख.

सुभेदारांनी चष्म्यातून निरखून बघितलं आणि मोठ्यानं श्वास सोडला. "हळदच म्हनायची. म्हातारीच्या येकेक गोष्टी!" हसले, अंजनाकडं वळले. "चल गं पोरी, आरती आन फुडं. झकास घासलीयास हां."

अंजनाच्या तोंडावर रंग आला. ती ताट घेऊन पुढं आली, वाकून पात्याची ती खाच बघितली आणि अगदी मनापासून म्हणाली, "निघाला की वो! मी काल तिन्हीसांजपतोर घासला, जरासुदिक हालला न्हाई. तुमचा हातच येगळा, मामा."

"व्हय पोरी," बाबालाल म्हणाला. आणि फडक्याला लागलेलं पिवळं कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तो ते धुवायला मोरीकडं गेला.